वजनकाट्याआधी किराणाची वही

एखाद्या शाळेत, वसतिगृहात किंवा कारखान्यात सगळ्यांची वजनं घेतली आणि चारशेपैकी सव्वाशे जण जाड निघाले, की पुढचा कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो. त्या सव्वाशेंना एका सभागृहात बसवायचं, आहारतज्ज्ञाचं व्याख्यान ठेवायचं, कॅलरींचा तक्ता वाटायचा. पहिले दोन महिने उत्साह असतो, तिसऱ्या महिन्यात निम्मी मंडळी गळतात आणि वर्ष सरताना वजनं होती तिथेच असतात. मग "लोकांनाच नको आहे" असा निष्कर्ष निघतो. तो सोयीचा आहे, पण बरोबर नाही. व्याख्यान ऐकून माणूस बाहेर पडतो तेव्हा भटारखान्यात तेच तेल, तेवढंच तेल, तीच शीतपेयं आणि वाढपाचा तोच मोठा डाव त्याची वाट बघत असतो. आडात आहे तेच पोहऱ्यात येणार.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1985 मध्ये एक भेद मांडला होता, तो इथे फार कामाचा आहे. "हाच माणूस आजारी का पडला?" हा एक प्रश्न, आणि "या समाजात हा आजार इतका का आहे?" हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी निघतात. पहिल्या प्रश्नाला डॉक्टर लागतो. दुसऱ्याला त्या समाजाचं रोजचं खाणं, पाणी आणि बाजार तपासावा लागतो. हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

ढीग सरकतो म्हणजे काय

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एखाद्या गटातल्या सगळ्यांचे बीएमआय कागदावर मांडले तर धान्याच्या ढिगासारखा आकार दिसतो: मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरता. समजा सरासरी 25 आहे आणि ढिगाचा पसारा नेहमीसारखा आहे. अशा गटात साधारण 13 टक्के लोक 30 च्या, म्हणजे लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे असतात. आता सगळा ढीग एका एककाने उजवीकडे सरकवा, सरासरी 26 करा. रेषेपलीकडचे 13 टक्के एकदम 19 च्या आसपास जातात. एका एककाने तेरावर सहा! आणि हेच उलट दिशेनेही होतं. सगळे जण थोडेसे हलके झाले, तर टोकाची गर्दी बरीच पातळ होते, आणि त्यासाठी टोकाच्या कुणाला वेगळं बाजूला काढावं लागत नाही.

165 सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी बीएमआयचं एक एकक म्हणजे जेमतेम पावणेतीन किलो. हे पावणेतीन किलो उतरवायला रोजच्या खाण्यात किती फरक लागतो? इथे एक जुना हिशोब सगळीकडे चालतो: 7,700 कॅलरी म्हणजे एक किलो. (बोलीतली कॅलरी म्हणजे शास्त्रातली किलोकॅलरी, इथे तीच धरली आहे.) या हिशोबाने रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या तर वर्षात पावणेचोवीस किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण वजन उतरतं तसं शरीर कमी ऊर्जा खर्च करू लागतं. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचं सुधारित गणित दिलं. रोजच्या खाण्यात कायमचा 24 कॅलरींचा फरक केला तर अखेरीस सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे रोजच्या त्याच 500 कॅलरींनी वर्षाला साधारण दहा किलो उतरतात, चोवीस नव्हेत. सहाव्या महिन्यात हताश होणारे बहुतेक लोक जुन्या गणितावर आशा लावून बसलेले असतात.

या हिशोबाने पावणेतीन किलोंसाठी रोज सुमारे 65 कॅलरी पुरतात. तीन चमचे साखर, किंवा दीड लहान चमचा तेल. अट एकच, फरक कायमचा हवा आणि त्याची भरपाई दुसरीकडून व्हायला नको. ही भरपाईची अट अवघड आहे, त्याकडे पुढे येऊ. पण आकडा लहान आहे हे आधी मनात ठसायला हवं. इतक्या लहान फरकासाठी कुणाच्या निर्धाराची परीक्षा घ्यायची गरज नाही. तो भटारखान्यातच करता येतो.

जास्त खाल्लं कसं जातं

माणूस कॅलरी मोजून जेवत नाही. पोटाला कळतं ते आकारमान आणि वजन. म्हणून कुठल्या पदार्थाच्या शंभर ग्रॅमात किती ऊर्जा कोंबली आहे, हे महत्त्वाचं. पाण्यात उकडलेल्या बहुतेक भाज्यांत 20 ते 50 कॅलरी, ताज्या फळांत 40 ते 90, शिजवलेल्या धान्यात 110 ते 150. बिस्किटांत 450 ते 500. तळलेल्या पातळ कापांत पाचशेच्या वर. शुद्ध तेलात जवळपास 900. तेवढ्याच वजनाच्या घासात दहापट फरक पडू शकतो आणि पोटाला त्याची खबरही लागत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. 2019 मध्ये हॉल यांच्याच गटाने वीस प्रौढांना चार आठवडे संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अल्ट्रा-प्रोसेस्ड अन्न, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ सारखं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अल्ट्रा-प्रोसेस्ड अन्नावर असताना लोकांनी रोज सरासरी 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. मऊ, कमी चावावं लागणारं अन्न पटापट पोटात जातं, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायच्या आत. प्रयोग लहान होता आणि थोड्या दिवसांचा होता, हे खरं. पण त्यात काय ताटात होतं आणि किती पोटात गेलं हे प्रत्यक्ष तोलून नोंदलं होतं. "आठवून सांगा काय खाल्लं" अशा सर्वेक्षणांपेक्षा त्याचं वजन जास्त आहे.

तिसरी गोष्ट पेयांची. गोड पेयातल्या कॅलरींची दखल पोट नीट घेत नाही. ते प्यायल्यावर पुढचं जेवण तितकं कमी होत नाही. 330 मिलीलीटरच्या नेहमीच्या गोड शीतपेयात साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे 140 कॅलरी. अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालून सत्तर किलोचा माणूस जेमतेम 120 खर्च करतो. व्यायाम हृदयासाठी, स्नायूंसाठी आणि उतरलेलं वजन टिकवण्यासाठी हवाच, पण उघडा नळ बंद करायच्या आधी फरशी पुसत बसण्यात अर्थ नाही.

वही उघडा

कामाची सुरुवात इथून करावी. जिथे सामाईक जेवण बनतं तिथे किराणाची वही असतेच. जिथे प्रत्येक घर वेगळं शिजवतं तिथे वीस-तीस घरांना महिनाभर तेल आणि साखरेच्या पिशव्या जपून ठेवायला सांगितलं तरी पुरतं. लोक काय खाल्लं ते विसरतात, काही वेळा लपवतातही. रिकामा डबा खोटं बोलत नाही.

समजा चाळीस जणांचं वसतिगृह आहे. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा महिन्याअखेरचा साठा, असा खरा वापर काढला: तेल 60 लीटर, साखर 43 किलो, बटाटे सोडून भाज्या आणि फळं 190 किलो, गोड पेयांच्या बाटल्या 540.

पहिली चूक इथेच होते. लोक चाळीसला तीसने गुणतात आणि 1,200 ने भागतात. पण हजेरीपट पाहिला तर सुट्ट्या वजा जाता जेवणारे माणूस-दिवस 1,080 भरतात. भागायचं ते या आकड्याने. दुसरी चूक, तळून झालेलं फेकून दिलेलं तेल कुणी वजा करत नाही. ते सहा लीटर असेल तर पोटात गेलेलं 54 लीटर. एक लीटर तेल म्हणजे सुमारे 920 ग्रॅम, म्हणून 54 लीटर म्हणजे पन्नास किलोला थोडं कमी. भागिले 1,080. माणशी रोज 46 ग्रॅम, म्हणजे 414 कॅलरी नुसत्या तेलातून.

हे जास्त की कमी? जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे एकूण ऊर्जेपैकी 30 टक्क्यांपर्यंतच स्निग्धांशातून यावी. 2,000 कॅलरींच्या आहारात ते 67 ग्रॅम होतात, आणि त्यात दूध, अंडी, मांस, दाणे, बिस्किटं यांतला लपलेला स्निग्धांशही आला. उघडं तेलच 46 ग्रॅम असेल तर मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

साखर: 43 किलो भागिले 1,080, म्हणजे 40 ग्रॅम. त्यात बाटल्यांची भर. 540 बाटल्यांतून जवळपास 19 किलो साखर, माणशी साडेसतरा ग्रॅम. एकूण 57 ग्रॅमच्या पुढे. संघटनेची 2015 ची मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम, आणि शक्य तर 5 टक्के, म्हणजे 25 ग्रॅम. मध आणि फळांच्या रसातली साखरही यातच मोजतात. अख्ख्या फळातली नाही. रस काढला की फळाचे तंतू मागे राहतात आणि तीन फळांची साखर एका पेल्यात बसते.

भाज्या-फळं: सोलून-निवडून पाचवा भाग गेला तर 152 किलो उरतात, माणशी 141 ग्रॅम. सल्ला आहे रोज 400 ग्रॅमचा, बटाटे आणि तत्सम पिठूळ कंद न धरता.

आता चित्र स्पष्ट आहे, आणि त्यासाठी कुणालाही काट्यावर उभं करावं लागलं नाही.

तेल: सगळ्यात मोठा मासा

46 वरून 30 ग्रॅमवर आलं तर माणशी 144 कॅलरी वाचतात. आधीच्या गणिताने हे कागदावर सहा किलो होतात. निम्मी भरपाई झाली तरी तीन.

पहिली पायरी अगदी साधी: आचाऱ्याने डब्यातून थेट ओतणं बंद. प्रत्येक पदार्थाचं तेल आधी काट्यावर मोजून वाटीत काढायचं आणि फोडणी त्या वाटीतूनच द्यायची. पहिले दोन आठवडे प्रमाण अजिबात कमी करू नका, नुसतं मोजा आणि लिहा. मोजण्यानेच हात आखडतो. शिवाय एकच पदार्थ दोन आचाऱ्यांच्या हातून दुप्पट तेलाचा होतो, हेही याच दोन आठवड्यांत कळतं. मग दर पंधरवड्याला दहा टक्के कमी. चव तेलातच असते असं म्हणणाऱ्या आचाऱ्याशी वाद घालू नये. कांदा-मसाला परतताना भांड्याला लागू लागलं की तेलाऐवजी दोन चमचे पाणी मारायचं, जाड बुडाचं भांडं वापरायचं, आच मध्यम ठेवायची. फोडणी थोडी करून शेवटी वर घातली तर तिचा वास पुढे राहतो, आणि नाकाला ती जास्त वाटते.

तळण पूर्ण बंद करायचं नसतं, ते आठवड्यातून चारदा असेल तर एकदावर आणायचं. त्या एका दिवशी तंत्र सांभाळावं. तेल 170 ते 180 अंशांवर असताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर पडतं आणि ती वाफच तेलाला आत येऊ देत नाही. कढईत एकदम जास्त पदार्थ सोडले की तेल थंड होतं, वाफेचा जोर पडतो, पदार्थ जास्त वेळ राहतो आणि तेल पितो. यापुढची गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: बरंचसं तेल तळताना आत शिरतच नाही. पदार्थ बाहेर काढल्यावर तो निवू लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून झारा कढईवरच दोन-तीनदा जोरात झटकायचा आणि पदार्थ गरम असतानाच जाळीवर पसरायचा. ढीग करून ताटात ठेवला तर खालचा थर वरच्याचं तेल पिऊन बसतो. पातळ काप जास्त तेल धरतात, कारण वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. अगदी पातळ तळलेल्या कापांच्या वजनाचा जवळपास एक तृतीयांश भाग तेलाचा असतो. जाड तुकडा त्याच्या निम्म्यावरही जात नाही.

पाणी, साखर, डाव

गोड पेयांवर नुसती बंदी घातली तर ती दप्तरातून येतात. आधी पाण्याची सोय लागते. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या 32 प्राथमिक शाळा घेऊन एक अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पाण्याची यंत्रं बसवली, मुलांना बाटल्या दिल्या, पाण्याबद्दल चार धडे घेतले. शालेय वर्षाअखेरीस त्या शाळांतल्या मुलांत नव्याने जाड होण्याचा धोका 31 टक्के कमी निघाला. सरासरी बीएमआयमध्ये मात्र ठळक फरक नव्हता, हेही सांगायला हवं. अशा आकड्यांची एकच बाजू सांगणारे पुष्कळ असतात.

पाणी थंड हवं, पेला तिथेच हवा, आणि ते जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी हवं. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला नळ असून नसल्यासारखा.

चहा-कॉफीतली साखर दर पंधरवड्याला दहा टक्क्यांनी कमी केली तर आठ टप्प्यांत, म्हणजे चार महिन्यांत, ती निम्म्याखाली येते. बहुतेकांना कळत नाही, कारण जीभ हळूहळू जुळवून घेते. एकदम निम्मी केली की दुसऱ्या दिवशी तक्रारवही भरते. जाहीर फलक लावून कमी करू नये; फलक वाचल्यावर न बदललेला चहाही फिका लागतो. साखरेऐवजी कृत्रिम गोडवा देण्याचा मोह टाळावा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यावर विसंबू नका, असा जागतिक आरोग्य संघटनेचाच 2023 चा सल्ला आहे, आणि जिभेची गोडाची सवय त्याने सुटत नाही.

वाढपात ताट लहान करण्याचा फार गवगवा झाला, पण त्यामागचा पुरावा कच्चा आहे. भूक लागलेला माणूस लहान ताट दोनदा भरतो. डावाचा आकार जास्त भरवशाचा. धान्याच्या पदार्थाला लहान डाव, भाजीला आणि कडधान्याला मोठा, आणि दुसऱ्यांदा मागितलं तर नाही म्हणायचं नाही. रांगेत सगळ्यात आधी भाजी आणि कोशिंबीर ठेवा. रिकाम्या ताटात पहिलं पडतं त्याला जागा जास्त मिळते. ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळं, पाव भाग शक्यतो अख्खं धान्य, पाव भाग कडधान्य किंवा इतर प्रथिनं, एवढं चित्र वाढप्याच्या डोक्यात असलं की पुरे. कच्च्या कडधान्याच्या शंभर ग्रॅमात 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतू असतात, म्हणून तेल कमी झाल्यावर उरणारी भूक ते भागवतं. ही भर घातली नाही तर लोक रात्री बिस्किटांचा पुडा फोडतात. मघाशी म्हटलेली भरपाई ती हीच. तेलातून काढलेलं एका हाताने घ्यायचं असेल तर कडधान्य आणि भाजी दुसऱ्या हाताने द्यावी लागते.

विकतच्या पाकिटांसाठी एकच सवय लावावी: आकडे "एका सर्व्हिंगला" किती ते न वाचता शंभर ग्रॅमला किती ते वाचायचे. सर्व्हिंगचा आकार बनवणारा ठरवतो, आणि तो सोयीने लहान ठेवता येतो. ब्रिटनच्या रंगीत लेबलांत शंभर ग्रॅमला 22.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असली की लाल रंग, 5 किंवा त्याहून कमी असली की हिरवा. मोजपट्टी म्हणून ही सोपी आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर, सिरप, डेक्स्ट्रोज, मध यांपैकी काही दिसलं तर तो पदार्थ मिठाईच समजावा, वेष्टणावर पानं-फुलं कितीही असोत.

गाव आणि देश हलतो तेव्हा

उत्तर फ्रान्समध्ये फ्लरबे आणि लावांती या दोन लहान गावांत 1992 मध्ये शाळांतून आहारशिक्षण सुरू झालं. मुलांना ज्ञान आलं, पण सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यातला जाडेपणा वाढतच गेला. पुढे नगरपालिका, दुकानदार, डॉक्टर, क्रीडामंडळं अशी सगळी गावं त्यात उतरली, तेव्हा कल फिरला. 2004 मध्ये तिथल्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण 8.8 टक्के होतं, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत 17.8. एकट्या धड्याने काय होतं आणि काय होत नाही, हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

सरकारच्या हातात कर, लेबल आणि जाहिरात ही तीन हत्यारं असतात. मेक्सिकोने 1 जानेवारी 2014 पासून गोड पेयांवर लीटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी 6 टक्के घटली, गरीब घरांत जास्त. ब्रिटनची रचना मला जास्त हुशार वाटते. 2018 पासूनचा तिथला कर शंभर मिलीलीटरमध्ये 5 ग्रॅम साखरेला एक टप्पा आणि 8 ग्रॅमला दुसरा, असा होता. घोषणा दोन वर्षं आधी झाली, आणि कर टाळण्यासाठी कंपन्यांनी पेयातली साखरच कमी केली. पिणाऱ्याने काहीही बदललं नाही तरी साखर कमी गेली. चिलीने 2016 मध्ये साखर, मीठ, संतृप्त (तूप-लोण्यात असतो तसा) स्निग्धांश किंवा कॅलरी जास्त असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि ते पदार्थ शाळांत विकायला बंदी केली; शिक्का लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घसरली. उलट डेन्मार्कचा संतृप्त स्निग्धांशावरचा कर 2011 मध्ये आला आणि सव्वा वर्षात गेला. लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले होते आणि कारभार किचकट झाला होता.

मोजमाप, आणि ते कुठे फसतं

वजन घ्यायचंच असेल तर नीट घ्या. काटा कडक सपाट फरशीवर, सतरंजीवर नाही. सकाळी, हलक्या कपड्यांत, बूट काढून. रोज सुरुवातीला माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासा. उंची मोजताना टाचा भिंतीला, नजर समोर. 70 किलोच्या माणसाची 165 सेंटीमीटर उंची चुकून 163 लिहिली तर बीएमआय 25.7 चा 26.3 होतो. चांगल्या सामूहिक कार्यक्रमाने पडणारा फरक बहुधा याहून लहान असतो! फरक शोधायचा आणि चूक त्याच्याहून मोठी, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात.

कंबर मोजताना फीत सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त नको, हा नियम लक्षात ठेवायला सोपा. आशियाई वंशाच्या लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी जास्त वजनाची 25 आणि लठ्ठपणाची 30 यांऐवजी 23 आणि 27.5 या रेषा सुचवल्या गेल्या आहेत.

दुसऱ्या फेरीला फक्त वजन उतरलेले लोक हौसेने येतात. शंभरांतले साठ आले आणि त्यांची सरासरी आधीच्या शंभरांशी ताडली, तर कार्यक्रम यशस्वी दिसणारच. तुलना त्याच साठ जणांच्या आधीच्या आकड्यांशी करा आणि चाळीस आले नाहीत हे अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहा.

मुलांची वजनं सगळ्यांसमोर पुकारू नयेत. कॅलिफोर्नियातल्या 79 शाळांच्या अभ्यासात पालकांना बीएमआयचं पत्रक घरी पाठवूनही मुलांच्या वजनात फरक पडला नाही. मुलं आपल्या शरीरावर नाराज मात्र झाली. वाढत्या मुलाचं जेवण तोडायचं नसतं. बहुतेकदा वजन तिथेच धरून ठेवलं की उंची वाढते आणि बीएमआय आपोआप खाली येतो. त्याच गटात हडकुळी, रक्तक्षयाची मुलंही असतात, म्हणून धान्याचा डाव लहान करताना दुसरी वाढ मोकळी ठेवणं ही चैन नसून गरज आहे.

परिणाम कोणत्या क्रमाने दिसतात हे माहीत असलं की घाई होत नाही. तेल-साखरेचा माणशी आकडा महिन्याभरात हलतो. कंबर सहा महिन्यांनी, सरासरी वजन वर्षाने. वहीतलं तेल उतरलं आणि सहा महिन्यांनी कंबर जागची हलली नाही, तर भटारखान्याला दोष देण्याआधी आवारातल्या कचऱ्याच्या डब्यांतली वेष्टणं आठवडाभर रोज संध्याकाळी मोजा. खाऱ्या कापांची किती, बिस्किटांची किती, पेयांच्या बाटल्या किती. कमी केलेलं तेल बहुतेक वेळा तिथे सापडतं, आणि मग पुढचं बोलणं आचाऱ्याशी न करता फाटकाजवळच्या दुकानदाराशी करायचं असतं.